ड्यूटीतली वीस मिनिटं

पहाटे ५.१०

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते याच वेळेला. ताण कमी करायला सांगणारा प्रत्येक लेखही मला नेमकं याच वेळेला उठून व्यायाम करायला सांगतो. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून मी पाणी भरते. मग दोन डबे, सासूबाईंची जेवणाआधीची साखरेची गोळी काढून ठेवणं, मुलीची वेणी. नवरा सहाला रंकाळ्यावर चालायला जातो. त्याबद्दल तक्रार नाही, त्याचीही साखर काठावर आहे. पण जाताना तो "तू पण चल की" म्हणतो, तेव्हा कणीक कोण मळणार हा विचार त्याच्या डोक्यात आलेला नसतो.

मी कॅन्सरच्या रुग्णालयात नर्स आहे, केमोथेरपीच्या डे-केअरमध्ये. पेशंट सकाळी येतो, खुर्चीत किंवा बेडवर बसून औषध घेतो आणि संध्याकाळी घरी जातो. नाईट ड्यूटी नाही म्हणून बाकीच्या वॉर्डातल्या सिस्टर आम्हाला नशीबवान समजतात. पण तीच माणसं दर पंधरा किंवा एकवीस दिवसांनी परत येतात. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं आपल्याला कळतं, उसाचं बिल अडकलेलं कळतं, आणि गाठ परत आलेली तर कधीकधी त्यांच्याआधी आपल्याला कळते.

सकाळी ७.२५

ॲक्टिव्हावरून गंगावेशीतून जाताना तालमीतून बाहेर पडणारी पोरं दिसतात, मानेला अजून तांबडी माती लागलेली. कोल्हापूरला व्यायाम शिकवायला कुणी यायला नको. पेठेपेठेत तालीम आहे. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खुराक दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. या सगळ्यात मला एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. 'आधी कामधंदा उरक, घरचं बघ, मग वेळ उरला तर जोर मार' असं त्या पैलवानाला कुणी सांगितलं नाही. त्याला वेळ ठरवून दिलेली होती, जागा होती, जोडीला जोडीदार होता आणि डोक्यावर वस्ताद होता. एक दिवस आला नाही तर का आला नाही हे विचारणारं माणूस होतं.

आम्हाला राजाश्रय नको. रोस्टरवर एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

सकाळी ८.००

हँडओव्हर. आजची यादी, कोणाची कितवी सायकल, कोणाला पोर्ट आहे, कोणाची शीर मिळत नाही, कोणाला मागच्या वेळी रिॲक्शन आली होती. मग फाइली आणि रक्ताचे रिपोर्ट. पांढऱ्या पेशी पुरेशा नसतील तर केमो देता येत नाही, कारण औषध त्या आणखी खाली आणतं आणि साधा ताप जिवावर बेततो.

आज असे दोघं आहेत. त्यातले एक काका चंदगडकडचे. पहाटे तीनला घरून निघून, वडापनं, मग एसटीनं आलेत. डॉक्टर सांगतात, "आठवडाभर थांबू, काउंट कमी आहेत." डॉक्टर पुढच्या पेशंटकडे जातात आणि काका माझ्याकडे बघतात.

"बाई, थोडं कमी दिलं तर न्हाई चालणार?"

"नाही हो काका. तुमच्याच भल्यासाठी थांबतोय."

"मग आज आल्यालं समदं फुकटच की."

यावर मला उत्तर नाही. या कामाची दमणूक बाहेरच्यांना वाटते तिथे नसते. मरण बघून माणूस मोडतं असं लोकांना वाटतं. मरण तर आहेच. पण रोज झिजवतं ते हे, रास्त वाटणाऱ्या मागणीला दिवसभर नाही म्हणत राहणं. काउंट नाहीत म्हणून नाही, योजनेची मंजुरी आली नाही म्हणून नाही, खुर्ची रिकामी नाही म्हणून अजून तासभर नाही.

सकाळी ९.३०

शिरा शोधायच्या. तिसऱ्या-चौथ्या सायकलनंतर हातातल्या शिरा दोरीगत कडक होतात. गरम पाण्याची पिशवी, हात खाली सोडून मूठ उघडझाप, मग बोटानं चाचपणं. मी पाठीत वाकून उभी. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना लाल औषध आहे. डॉक्सोरुबिसिनला सगळे लाल औषधच म्हणतात. ते शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जाळतं, म्हणून चालू सलाइनच्या नळीतून हळूहळू, दर थोड्या वेळानं शीर तपासत, शेजारी बसून द्यायचं. लघवी लाल होईल, घाबरू नका, रक्त नाही ते, हेही सांगून ठेवायचं. प्रत्येक औषध लावण्याआधी दोघी जणी मोठ्यानं वाचतो: नाव, नोंदणी क्रमांक, औषध, मात्रा, मुदत. दिवसभरात हे इतक्या वेळा होतं की तोंड आपोआप बोलतं. ते आपोआप बोलू लागलं की भीती वाटायला हवी, आणि ती भीती जागी ठेवणं हेही कामच आहे.

आमच्यातली एक जुनी सिस्टर म्हणते, "व्यायाम कशाला गं पाहिजे? मी रोज इथं पंढरीची वारी करतो." तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लंडनच्या बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे संशोधक जेरेमी मॉरिस यांनी १९५३ सालीच दाखवलं होतं. पण २०२१ साली कोपनहेगनमधल्या लाखाहून जास्त लोकांचा अभ्यास आला, त्यात उलटंच निघालं. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयाचा त्रास आणि मृत्यूचा धोका कमी, पण कामात अंग मोडून हालचाल करणाऱ्यांना जास्त. कारणांवर वाद आहेत. माझ्यापुरतं मला ते पटतं. वॉर्डातल्या चालण्यात दम लागेपर्यंत वेग कधी येत नाही आणि विसावाही मिळत नाही. तासन् तास उभं राहायचं, वाकायचं, पेशंटला काखेत धरून उठवायचं, आणि कधी थांबायचं हे आपल्या हातात नसतं.

सकाळी ११.२०

पॅक्लिटॅक्सेल सुरू करून पाच मिनिटं झालेली. इचलकरंजीच्या एक मावशी, लूमवर कामाला होत्या. आधीची सगळी इंजेक्शनं दिलेली, तरी त्यांचा चेहरा एकदम लाल झाला. "छाती आवळल्यागत होतंय" म्हणाल्या आणि पाठ धरली. औषध बंद, सलाइन चालू, ऑक्सिजन, हायड्रोकॉर्टिसोन, एव्हिल, डॉक्टरना हाक. वॉर्डबॉय मामा पडदा ओढतात, आयामावशी मावशींच्या लेकीला बाहेर नेऊन बसवते. कुणी कुणाला काय कर म्हणून सांगत नाही. पंधरा-वीस मिनिटांत मावशींचा श्वास मोकळा झाला आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो औषध वाया गेलं का, याचा.

गेलं नव्हतं. नंतर सावकाश लावलं आणि पार पडलं. पण माझे हात थरथरत होते आणि त्याच हातांनी मी खुर्चीत बसून नोट लिहिली. शरीर पळायला किंवा झटापटीला सज्ज झालं आणि त्याला मी पेन दिलं. दिवसातून एकदा असं झालं तर काही नाही. वर्षानुवर्षं झालं की खांदे कायमचे कानाशी चढून बसतात.

दुपारी १.३०

जेवायला दोघी-दोघी जातो. आज पॅन्ट्रीत गुळाची अख्खी ढेप आली. आमच्याकडे वर्षभर येणाऱ्या एका आजींचा मुलगा घेऊन आला होता. आजी दिवाळीनंतर गेल्या. "आईनं सांगितलं होतं, गुऱ्हाळ लागलं की सिस्टरना पहिली ढेप द्यायची," एवढं बोलून तो उभाच राहिला. मी बसा म्हटलं, चहा दिला. त्याला बोलायचं होतं आणि माझ्या बेडवरचा पंप वाजत होता. चहा अर्धा ठेवून मी उठले.

पूर्वी अशी माणसं आली की मी कामात असल्याचं दाखवून आत जायची. त्या काळात मी पेशंटला नावानं हाक मारायची नाही, बेडच्या नंबरानं बोलायची. 'नऊची उलटी थांबली का', 'चौदा संपत आलंय'. सगळेच तसं बोलतात, घाईत ते सोयीचं पडतं. पण मला ते बरं वाटू लागलं होतं.

याला बर्नआउट म्हणतात. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये सहकाऱ्याबरोबर त्याची प्रश्नावली केली. त्यात बावीस प्रश्न आणि तीन बाजू: आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाशी कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांचा २०१४ साली अभ्यास छापून आला, त्यात जवळपास ४५ टक्के डॉक्टरांमध्ये यातलं काही ना काही सापडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती मला फार नेमकी वाटते. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, असं म्हटलंय. म्हणजे दुखणं कुठे जन्मतं ते कामाच्या ठिकाणी, हे कागदावर मान्य आहे. मग औषध घरी जाऊन, स्वतःच्या झोपेतून वेळ काढून, स्वतःच्या पैशानं का घ्यायचं?

मी पूर्वी ज्या रुग्णालयात होते, तिथे परिचारिका दिनाला, १२ मे रोजी, झुंबा ठेवला होता. मागे बॅनर, पुढे फोटोग्राफर. मॉर्निंगवाल्यांची ड्यूटी चालू, नाईटवाल्या झोपलेल्या, म्हणून नाचायला ऑफिसमधल्या बायका आणि तीन सिस्टर. फोटो छान आले. पुढच्या महिन्यात तणावमुक्तीवर ऑनलाइन व्याख्यान झालं, रविवारी, हजेरी सक्तीची.

दुपारी २.४०

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे एक गुरुजी, ऑक्सॅलिप्लॅटिन चालू. थंड वस्तूला हात लावला तर बोटांना विजेचा झटका बसल्यासारखं होतं, म्हणून डिसेंबरच्या या दिवसांत हातमोजे घालून बसलेत. घरी जाताना छोटा पंप बरोबर जाईल, ४६ तासांनी परत येऊन काढायचा. मला विचारतात, "सिस्टर, हे सगळं संपल्यावर चालायला जाऊ का मी?"

"जाच गुरुजी," मी सांगते आणि खरंच मनापासून सांगते. २०२५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ पेशंटांचा अभ्यास आला. केमो संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम करवला, निम्म्यांना फक्त माहितीपत्रकं दिली. पाच वर्षांनी आजार परत न येता जिवंत असलेले पहिल्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्यात ७३.९ टक्के. आकडे बोलके आहेतच, पण मला त्या अभ्यासाची रीत महत्त्वाची वाटते. 'व्यायाम करा' असं लिहिलेला कागद दोन्ही गटांच्या हातात होता. पहिल्या गटाला त्याशिवाय एक माणूस मिळालं होतं, वर्षानुवर्षं भेटणारं, विचारणारं, अडलं तर मार्ग काढून देणारं. वस्तादच की तो.

आणि कर्मचाऱ्यांचं काय? कॅनडात २८८ आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. निम्म्यांना बारा आठवडे व्यायामाचं ॲप फुकट दिलं: आठवड्यातून चार वेळा, वीस-वीस मिनिटं, घरच्या घरी. उदासपणा कमी झाला, रिकामं वाटणं आणि कोरडेपणा थोडा उतरला, आजारपणाच्या रजाही घटल्या. ज्यांनी सांगितल्याइतका केला त्यांना गुण जास्त. पण दुसऱ्या आठवड्यात निम्म्याहून थोडे जास्त लोक सांगितल्याइतका व्यायाम करत होते आणि बाराव्यात चौथा हिस्साही उरला नव्हता. हे वाचून मला जराही आश्चर्य वाटलं नाही. ॲप फुकट होतं. ती वीस मिनिटं मात्र ज्याची त्यानं आणायची होती.

दुपारी ३.३०

आता खरी गोष्ट. आमच्या इनचार्ज सिस्टरनी रोस्टरच्या तळाशी एक ओळ वाढवली: 'गच्ची – बॅच १, ३.३० ते ३.५०, बॅच २, ३.५५ ते ४.१५'. या वेळी बहुतेकांची औषधं शेवटाला आलेली असतात, नवीन काही लावायचं नसतं. एक बॅच वर गेली की दुसरी तिचे बेड बघते, तोंडी नव्हे, रीतसर ओव्हर देऊन. मॅनेजमेंटनं हो म्हटलं ते आमच्या मनःशांतीसाठी नाही. दोघी कंबरदुखीनं लागोपाठ रजेवर गेल्या आणि बदली माणूस मिळेना, म्हणून. इनचार्जबाईंनी मुद्दा बरोबर तिथून मांडला. याला मी मुत्सद्देगिरी म्हणते.

शिकवायला आमचीच फिजिओथेरपिस्ट येते, मुलगी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांना भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायला तीच शिकवते. आम्ही तिला वस्ताद म्हणतो, ती लाजते आणि मग जास्त उठाबशा काढायला लावते.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, हवा स्वच्छ असली तर लांब जोतिबाचा डोंगर. पहिली चार मिनिटं जागच्या जागी चालणं, वेग वाढवत, बोलताना दम लागेपर्यंत. मग खुर्चीवरून हात न टेकता उठबस. मग भिंतीला जोर. रबराचा पट्टा दोन्ही हातांनी छातीशी ताणून खांद्याची पाती मागे आवळायची, हा दिवसभर वाकलेल्या पाठीसाठी. टाचा उचलणं पोटऱ्यांसाठी. सूर्यनमस्कार आमच्यातल्या दोघींना येतात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते साऱ्या मुलखात नेले, आम्हाला मात्र फरशी तापलेली असते म्हणून गच्चीवर जमत नाहीत. शेवटची तीन मिनिटं चादरींच्या सावलीत बसून लांब श्वास सोडायचा.

जुन्या सिस्टरनी सुरुवातीला साफ सांगितलं होतं, "मी न्हाई येत, माझे पाय गेलेत." वस्तादनी त्यांना खुर्चीत बसून करायचे प्रकार दिले. आता त्याच सगळ्यांच्या आधी जिन्यात असतात, आणि वर आल्यावर पहिली दोन मिनिटं सुनेबद्दल बोलतात. ते बोलणं व्यायामात धरावं असं माझं मत आहे. खाली वॉर्डात आम्ही एकमेकींशी फक्त औषधांची नावं बोलतो. गच्चीवर कोण कशानं मोडलंय ते कळतं. गेल्या महिन्यात आमच्या दोन पोरवयाच्या पेशंटांपैकी एक गेला, त्या दिवशी एक ब्रदर नुसताच जोर मारत राहिला. वस्तादनी मोजणं थांबवलं, त्याला थांबवलं नाही.

माझ्यात काय फरक पडला? रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे ते कमी झाले. झोप लवकर लागते. घरी काही सांडलं की माझा जो आवाज चढायचा, तो खाली आलाय असं मुलगी म्हणते. आणि आज त्या गुळवाल्या मुलासमोर मी बसले, अर्धा चहा संपेपर्यंत तरी. याचं सगळं श्रेय टाचा उचलण्याला देण्याइतकी मी भाबडी नाही.

व्यायामानं काय होत नाही तेही लिहिते. त्यानं वॉर्डात एक नर्स वाढत नाही. चंदगडच्या काकांचा प्रवास वाचत नाही. आमच्यातली सर्वांत हुशार मुलगी याच वर्षी नोकरी सोडून गेली, आणि ती गच्चीवर एक दिवस चुकवत नव्हती. तिला पगार पुरत नव्हता. कमी माणसांत जास्त खुर्च्या चालवायच्या आणि वर रबराचा पट्टा हातात द्यायचा, असा कुणाचा बेत असेल तर तो पट्टा परत केलेला बरा.

संध्याकाळी ५.००

शेवटच्या सलाइन. वापरलेल्या बाटल्या आणि नळ्या पिवळ्या पिशवीत, वर केमोच्या औषधाचा शिक्का. इचलकरंजीच्या मावशी लेकीच्या खांद्याला धरून निघाल्या, "पुढच्या टायमाला तुमीच लावा" म्हणाल्या. चंदगडच्या काकांना फोन करून विचारलं, घरी पोचलेत. नोंदी, उद्याची यादी, कुलूप.

रात्री ९.४५

भांडी झाली. व्हॉट्सॲपवर इनचार्ज सिस्टरचा जानेवारीचा रोस्टर आलाय. दोघी लग्नासाठी रजेवर, एक मॅटर्निटीला. गच्चीची ओळ गायब. मी फोन केला.

"अगं, माणसं कुठायत?" त्या म्हणाल्या. "संक्रांतीनंतर परत टाकतो."

"संक्रांतीनंतर मार्चएंड येईल. मग उन्हाळी सुट्ट्या."

"मग काय करू, सांग तूच."

आम्ही यादी उघडून बसलो, त्या तिकडे, मी इकडे. मंगळवार-शुक्रवार पेशंटांची गर्दी जास्त, ते दिवस सोडले. सोमवार, बुधवार, गुरुवार तीन बॅचेस, प्रत्येकीत तिघंच. आयामावशी आणि मामांनाही त्यात घ्यायचं, कारण पेशंट उचलतात तेच. वस्तादला एक वेळ जास्त यावं लागेल, तिला मी विचारेन. बेड सांभाळायला स्वतः इनचार्जबाई वॉर्डात उतरणार, हे त्यांनी जरा कुरकुरत मान्य केलं.

"आणि मी कवा जाऊ वर?" त्यांनी विचारलं.

बुधवारी तिसरी बॅच. त्यांचं नाव मी लिहून टाकलं.